गोळी विरघळेपर्यंत

पहिलं मिनिट.

खिडकीतून सिस्टरने छापखान्यातल्या बाइंडरच्या तळहातावर गोळी ठेवली. "जिभेखाली. बोलायचं नाही, गिळायचं नाही." गर्द सोडवणाऱ्या या केंद्रात ती चार महिने रोज हेच सांगते आहे. कुणी गोळी बाहेर नेऊन विकू नये, म्हणून ती तिच्यासमोरच विरघळवायची. सात मिनिटं लागतात. सिस्टर तेवढा वेळही फुकट घालवत नाही. दर महिन्याचा समाधानाचा फॉर्म ती त्यातच उरकते.

दुसरं मिनिट.

"कर्मचारी आदराने वागतात?"

मान हलली.

"समुपदेशनाचा उपयोग होतो?"

मान हलली. (समुपदेशक दोन महिने रजेवर आहेत. मानेने हे कसं सांगणार?)

तिसरं मिनिट. यात कालची संध्याकाळ आहे.

छापखान्याचा फोरमन म्हणाला, "मशीन साडेआठला सुरू होतं आणि तू दहाला उगवतोस. जावईबापू आहेस का? सोमवारपासून साडेआठ, नाहीतर दुसरीकडे बघ."

घरी बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना सांगा ना. काहींना चार-चार दिवसांच्या गोळ्या घरी देतात म्हणे."

"विचारलं होतं. फाइल चाळली आणि म्हणाले, वेळेची अडचण असल्याचं कुठे दिसत नाही."

"दिसत नाही? मग लिहिलं कुणी तसं?"

चौथं मिनिट.

"खिडकीची नऊची वेळ सोयीची आहे? हो." सिस्टरने मानेचीही वाट न बघता फॉर्मवर खूण केली.

"अं! अंऽ!"

"बोलू नका."

रांगेतले काका मागून म्हणाले, "बोलतोय कसला! तोंडात खजिना आहे त्याच्या."

पाचवं मिनिट आलंच नाही. बाइंडरने गोळी तोंडातून काढली.

"सिस्टर, तो 'हो' खोडा. नऊला मला जमत नाही. नोकरी जातेय माझी."

सिस्टर ताडकन उठली. "डॉक्टर! गोळी बाहेर काढली यांनी!"

भिंतीवरचा नियम तो रोज वाचत होता. गोळी तोंडाबाहेर काढणाऱ्याला तीन महिने घरी गोळ्या मिळणार नाहीत. आपण काय करून बसलो, हे त्याला आत्ता कळलं. अर्धी विरघळलेली गोळी बोटांना चिकटत होती.

डॉक्टर आले. "खिशात जाणार होती ना?"

"खिशात घालायची असती तर सगळ्यांसमोर काढली असती का? बोलायला काढली."

"सगळेच काहीतरी सांगतात."

"मीही सांगायचो. आईची भांडी मीच विकली आणि चोर आला म्हणालो. पण हे तसं नाही. चार महिने मी 'हो' म्हटलंय म्हणे. एकदा तरी माझं तोंड रिकामं होतं का, सिस्टरना विचारा."

सिस्टर टेबलाकडे बघत म्हणाली, "साठ माणसं असतात, डॉक्टर. वेळ तेवढाच मिळतो."

"सगळ्यांचे फॉर्म असेच भरता?"

उत्तर काकांनी दिलं. "आमचं समाधान शंभर टक्के आहे, डॉक्टर. फक्त मान दुखते."

डॉक्टरांना हसू आलं नाही. "गोळी परत ठेवा."

"अहो, पण..."

"ठेवा. मी थांबतो."

पाचवं मिनिट. डॉक्टर स्टुलावर बसले. सहावं. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा ओढून घेतला. एक पान, दुसरं पान, सगळीकडे त्याच खुणा. सातवं मिनिट फार लांबलं.

"आता बोला."

बाइंडरने सगळं सांगितलं. छापखाना, फोरमन, सोमवार. डॉक्टर लिहीत होते.

"नियम मला मोडता येणार नाही. तीन महिने घरी गोळ्या नाहीत. सिस्टर, खिडकी साडेसातला उघडता येईल?"

"मुलीला शाळेत सोडायचं असतं मला. हे मलाही कुणी विचारलं नव्हतं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. सोमवारपासून आठवडाभर मी येतो. साडेसातला. पुढचं वरच्यांशी बोलून ठरवू."

त्याला डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. पण तो तसाच उभा राहिला.

"सव्वासात करा ना, डॉक्टर. पावणेआठची बस चुकली तर पुढची सव्वाआठला आहे."