केर न काढलेली सकाळ

मित्रांनो, माझ्या खालच्या खणात एक पत्र पडून होते. परभणीहून आलेले, निळ्या शाईने लिहिलेले आणि उत्तर न मिळालेले. ते माझ्या नावाचे नव्हते. ते या घराचे मालक कृष्णस्वामी यांना आले होते. पण पोटात पत्र ठेवून उभे राहणे सोपे नसते. माझी गोष्ट सांगायची म्हटले की आधी तेच आठवते. गोष्ट अशी मधूनच सुरू करावी की नाही, हे मला कळत नाही. मला बोलायची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

मी एक जुनी काचेची अलमारी आहे. मैलापूरच्या एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत, खिडकीसमोर मी उभी असते. मला तंजावरच्या एका सुताराने ब्रह्मदेशी सागवानातून घडवले. वर पुस्तकांसाठी चार कप्पे, मध्ये लिहिण्यासाठी पाडायची फळी आणि खाली दोन खण. कृष्णस्वामींचे आजोबा तंजावरला मराठी शिकवत. त्यांची पुस्तके माझ्यात आली. पुढे कृष्णस्वामींच्या वडिलांना मद्रासला रेल्वेत नोकरी लागली, तेव्हा गोणपाटात गुंडाळून मालगाडीने मीही इथे आले.

माझे चांगले दिवस चंद्रिकाबाईंच्या हाती गेले. त्या कृष्णस्वामींच्या पत्नी. त्या मला कोरड्या, मऊ धोतराच्या तुकड्याने पुसत आणि कसर लागू नये म्हणून कप्प्यांत वेखंडाचे तुकडे ठेवत. आलेगेले लोक म्हणत, लाकूड काय राखले आहे! संध्याकाळी कृष्णस्वामी माझी फळी पाडून लिहायला बसत. सरकारी कचेरीत ते दुसऱ्यांसाठी पत्रांचे मसुदे करत. ते मसुदे मोठे सुरेख असत. स्वतःचे पत्र मात्र त्यांना कधी जमले नाही. चार ओळी लिहायच्या आणि कागद फाडायचा. फोनवर तर त्यांची जीभच जड होते.

चंद्रिकाबाई गेल्या. कृष्णस्वामी वरच्या खोलीत राहायला गेले. त्यांची मुलगी रंजनी शहराच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने खालचे घर चार-पाच दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. सगळे काम मोबाइलवरच्या ॲपमधून चाले.

रंजनीला वाईट म्हणू नका. सुरुवातीला एकही नियम नव्हता. मग एक टोळके आले. त्यांनी चंद्रिकाबाईंची चटई दारूने भिजवली आणि माझ्या फळीवर सिगारेट विझवली. तो काळा डाग अजून आहे. त्या दिवशी रंजनी रजा काढून आली, एकटीने घर घासले आणि घासता घासता रडली. मग तिने पहिला नियम लिहिला. पुढच्या प्रत्येक पाहुण्यागणिक एक नियम वाढला. चादरी धुऊन गच्चीवर वाळवा आणि घड्या घाला. पंख्याची पाती पुसा. शेगडीखालची फरशी घासा. अलमारी ओल्या फडक्याने रोज पुसा, पण उघडू नका. निघताना केर काढा, फरशी पुसा आणि फोटो पाठवा. सफाईचे पैसे भाड्यात आधीच घेतलेले असत, तरीही. हे नियम अप्पांनी, म्हणजे कृष्णस्वामींनी, आपल्या सुंदर अक्षरात लिहून दिले. प्रत्येक नियमाआधी ते पेन खाली ठेवत आणि पुन्हा उचलत.

मित्रांनो, जुन्या वस्तू धुळीची तक्रार करतात. माझी तक्रार फडक्याची आहे. रोजच्या पाण्याने माझे लाकूड फुगले, दार अडकू लागले, काच धरून ठेवणारी लांबी सुटली. पाहुणे मला पुसत आणि काचेवर बोट उमटेल या भीतीने लांबून जात. पुस्तके आत जशीच्या तशी उभी राहिली. वर्षानुवर्षे कुणी पान उलटले नाही.

मग परभणीहून विद्युलता आणि तिच्या सासूबाई सईबाई आल्या. सईबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया व्हायची होती आणि डोळ्यांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. आधी एका डोळ्याची, काही महिन्यांनी दुसऱ्याची. सईबाईंना अंधूक दिसे. त्या चाचपडत माझ्याजवळ आल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "विद्या, यात पुस्तकं आहेत गं. वास येतोय."

"उघडायचं नाही लिहिलंय, आई."

"मला कुठे वाचता येतंय? तू उघड."

दार अडले, कुरकुरले आणि उघडले. आत मराठी पुस्तके पाहून विद्युलता थबकली. बोटीने रंगूनला गेलेल्या एका माणसाचे जुने प्रवासवर्णन तिने काढले. रोज दुपारी ती ते मोठ्याने वाची. खिडकीबाहेरच्या जिन्यात कृष्णस्वामी येऊन बसत. त्यांना वाटे, कुणाला कळत नाही. एका दुपारी सईबाई म्हणाल्या, "जिन्यातल्या भाऊंना आत बोलाव. उन्हात कशाला बसलेत?" कृष्णस्वामी लाजून वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले. पुस्तक अर्धे झाले तेव्हा सईबाईंनी केसातली पिन काढून खुणेला ठेवली. दुसरा डोळा झाला की पुढचे मी स्वतः वाचीन, म्हणाल्या.

आता ती सकाळ सांगते.

सईबाईंना दुपारी दवाखान्यात जायचे होते. तिथे दोन दिवस राहून त्या परस्पर गावी परतणार होत्या, म्हणून घर त्याच दिवशी सोडायचे होते. विद्युलता पहाटेपासून राबत होती. चादरी वाळल्या, घड्या झाल्या. पंखे, शेगडी, मोरी, सगळे झाले. केर तेवढा राहिला होता. इतक्यात दवाखान्यातून फोन आला, डॉक्टरांनी वेळ अलीकडे आणली आहे, आत्ताच या. विद्युलताने सईबाईंना हात धरून बाहेर नेले. रिक्षा दारात आली. ती पिशवी घ्यायला आत वळली आणि रंजनीचा व्हिडिओ कॉल आला. तिला फरशी पाहायची होती.

"ताई, माणूस आत्ता उंबऱ्याबाहेर पडलंय. ऑपरेशनला चाललंय. पाठोपाठ केर कसा काढू?"

"मग आधी काढायचा ना. बाराला दुसरे गेस्ट येतायत."

"आत्ताच फोन आला हो दवाखान्याचा."

"सगळ्यांचं काहीतरी असतंच. फोटो नाही आला तर मला तसं लिहावं लागेल."

विद्युलताने दारामागचा झाडू घेतला. तो एकदाच फरशीवर फिरला. बाहेर सईबाई पायरीवर थांबल्या. ज्यांना दिसत नाही, त्यांचे कान फार तिखट असतात.

"विद्या, झाडूचा आवाज येतोय का गं?"

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. फोनमधून रंजनी विचारत होती, काय झाले. विद्युलताने झाडू फरशीवरून उचलून धरला. वर जिन्यात कृष्णस्वामी कठडा धरून उभे होते. ते एक पायरी उतरले आणि तिथेच थांबले.

"नाही आई, पंख्याचा आहे," विद्युलता म्हणाली. तिने झाडू दारामागे उभा केला, फोन बंद केला आणि गेली.

नंतर कृष्णस्वामी खाली आले. त्यांनी झाडू उचलला. तो घेऊन ते दाराशी गेले आणि त्यांनी रिक्षा गेली त्या टोकाकडे पाहिले. बारा वाजत आले होते. त्यांना केर काढता आला असता. पण त्यांनी झाडू पुन्हा जागेवर ठेवला आणि ते वर गेले. नवे पाहुणे आले, त्यांनी जमिनीवरची माती पाहून तक्रार केली. रंजनीने ॲपवर विद्युलताच्या नावापुढे लिहिले, घर अस्वच्छ ठेवून गेल्या, नियम पाळत नाहीत.

ते पत्र त्यानंतर आले. कृष्णस्वामींनी माझी फळी पाडून ते वाचले. आईंना एका डोळ्याने छान दिसते आहे, असे विद्युलताने लिहिले होते. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. या वेळी आईंना दवाखान्यात ठेवून घेणार नाहीत, रोज औषधाला जावे लागेल, लांबून येणे झेपणार नाही. पण ॲपवरचा तो शेरा वाचून जवळचे कुणीच घर देत नाही. शेवटी लिहिले होते, "काका, त्या सकाळी तुम्ही जिन्यात होता. आम्ही घाण ठेवून गेलो का, एवढे सांगा. आणि पुन्हा येऊ का, तेही." खाली फोन नंबर होता.

कृष्णस्वामींनी नंबर फिरवला आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत बंद केला. मग कागद घेतला, लिहिले, फाडले. तेवढ्यात नवे पाहुणे आले आणि त्यांना वर जावे लागले. त्यानंतर घर रिकामे मिळेना. एक कुटुंब गेले की दुसरे येई. मधल्या तासाभरात ते खाली येत, फळी पाडत, लिहीत आणि फाडत. तारीख जवळ येत होती. माझ्या खणात ते पत्र आणि वर पुस्तकात ती पिन. मला वाटे, दार अडकते तसा यांचा शब्द अडकला आहे. कुणीतरी जोराने ओढायला हवे.

ओढले ते रंजनीनेच. मधल्या अशाच एका तासात ती नवे नियम घेऊन आली. अप्पा सुवाच्य अक्षरात लिहून देतील, मग ती तो कागद काचेत बसवणार होती. तिने कागद माझ्या फळीवर ठेवला. कृष्णस्वामींनी पेन उचलले नाही.

"मी हे लिहिणार नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तिला पुन्हा विचारावे लागले. मग त्यांची घरातली तंजावरी मराठी बाहेर आली, तिच्यात 'असकं' म्हणजे सगळं. "ती मुलगी घर असकं लख्ख करून गेली. पंखे, मोरी, असकं. केर तेवढा राहिला. तो मी काढलों नाही."

"तुम्ही? का?"

"खबर आली नव्हती."

"कसली खबर, अप्पा?"

ते तिच्याकडे न पाहता माझ्या फळीवरच्या डागाकडे पाहून बोलले. "तू बंगळूरला पहिल्या नोकरीला गेलीस. तुझी अम्मा त्या दिवशी झाडू शिवली नाही. मी म्हटलों, घर बघ कसं दिसतंय. ती म्हटली, पोरगी पोहोचू दे. सांजेला तुझा फोन आला. मग तिनं केर काढला."

रंजनी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. तिला हे कधी कुणी सांगितले नव्हते. मग तिने मोबाइल काढला, बोट फिरवले आणि हळू आवाजात म्हणाली, तो शेरा आता पुसता येत नाही.

"मग पत्र होणा," कृष्णस्वामी म्हणाले. तंजावरी मराठीत 'हवे'ला 'होणा' म्हणतात.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एकच मागायचे आहे. घर स्वच्छ ठेवा, पण घरी आलेल्या माणसापेक्षा फरशी मोठी करू नका. आणि माझ्यासारखी एखादी अलमारी कुठे दिसली, तर ओले फडके बाजूला ठेवून तिचे दार उघडा. हे मी मोठ्यांना सांगायला हवे होते. पण मोठी माणसे कपाटांचे ऐकत नाहीत.

त्या दिवशी त्यांनी कागद फाडला नाही. माझ्या फळीवर त्यांनी लिहिले ते मी वाचले, "विद्युलताबाईंस, तुम्ही घाण ठेवली नाही. केर मी काढला नाही, आणि त्या वेळी जिन्यात गप्प राहिलो. सईबाईंना घेऊन या. त्यांची पिन आहे त्या पानातच आहे. घरात आता एकच नियम आहे. निघताना केर काढू नका. पोहोचल्याचे कळवा, मग आम्ही काढू."

पाकीट चिकटवून ते चपला घालून बाहेर पडले. रंजनीने सवयीने दारामागचा झाडू उचलला, कारण पुढचे पाहुणे यायचे होते. मग तिने खिडकीतून पाहिले. अप्पा गाड्यांना थांबून, जपून, पलीकडच्या लाल पेटीकडे चालले होते. तिने झाडू अलगद जागेवर ठेवला आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

पेटीचे झाकण वाजले.