बसल्या जागी अकरा हजार पावलं

दुपारी चार वाजता फोनवर निरोप आला : ‘आई आज ११,२४० पावलं चालली.’

लेकीने तो दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि पुन्हा समोरच्या बसच्या वेळापत्रकाकडे वळली. आईला जाऊन आठ महिने झाले होते. चालत होते ते बाबा, मनगटावर आईचं घड्याळ बांधून. आईला जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा लेकीनेच ते आणलं होतं. आईने नऊ आठवडे वापरलं, ‘मला काही झालेलं नाही, तुझ्या समाधानासाठी घालते’ असं रोज एकदा म्हणत. ती गेल्यावर ते कपाटात पडून राहिलं. बाबांच्या हातावर बांधताना फोनमधलं नाव बदलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, बदलायचं बटण कुठे आहे ते लेकीला चांगलं ठाऊक होतं.

बाबा शिंपी. एकेचाळीस वर्षं एकाच दुकानात बसलेले. खाली दुकान, वर घर, मधे चौदा पायऱ्या. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा आणि त्यांच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. मास्तरांनी गुरुवार म्हटलं की कोट गुरुवारीच मिळणार, मग बुधवारी आभाळ का कोसळेना.

आई गेल्यावर लेक त्यांना ओढून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी निघाली ७.९. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, गोळी वाढवायच्या आधी पाय वापरून बघू या. रोज अर्धा तास चालायचं, जेवण वेळेवर, चहात साखर नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.”

दवाखान्याच्या दारातच लेकीने सौदा केला.

“साखर उतरली नाही, तर दुकान बंद करायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं.”

“आणि उतरली तर?”

“तर मी दुकानाचा विषय काढणार नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

बाबांनी हात पुढे केला, गिऱ्हाइकाशी तारीख ठरवताना करायचे तसा.

तेव्हापासून निरोप यायला लागले. आठ हजार. साडेनऊ हजार. अकरा हजार. लेकीचा जीव भांड्यात पडला. तिचं कामच आकड्यांचं. शहरातल्या कुठल्या दोन थांब्यांमध्ये किती मीटर आहेत, ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिच्या टेबलावर आकडा चुकला की कुठेतरी थांब्यावर माणसं ताटकळत उभी राहायची, त्यामुळे आकड्यावर तिची भिस्त होती. ऑफिसात सगळ्यांना ती बाबांची पावलं सांगायची. हेडक्लार्क एकदा उसासा टाकून म्हणाले, “आमच्या वडिलांना दारापर्यंत न्यायचं तर दोन माणसं लागतात. एक ओढायला, एक शिव्या खायला.”

एकदा तिने फोनवर विचारलंही, “बाबा, आज अकरा हजार? कुठे गेला होतात?”

“कुठे म्हणजे? दुकानात. बँडवाल्यांचे सव्वीस कोट आहेत, जागचं हलायला फुरसत नाही.”

ती पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी बाबांनी विनोद केला होता.

तीन महिने झाले. बाबा बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात आले. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उघडला. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

“८.१. काका, चालता ना?”

“रोज अकरा हजार,” बाबा म्हणाले. “विचारा हिला.”

लेकीने मान डोलावली. परतताना तिच्या डोक्यात एकच : हे लपूनछपून गोड खातात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सकाळीच दुकानात हजर झाली. बाबा आणि मावशी कामाला बसले होते. मावशी म्हणजे काज-बटणं करणाऱ्या बाई, तीस वर्षं त्याच कोपऱ्यात, त्याच खुर्चीवर. त्यांची सुई थांबली तरी जीभ थांबत नसे. लेकीने आल्या आल्या ड्रॉवर उपसले, शिवणाच्या मशीनखाली वाकून पाहिलं, फळीवरचा डबा उघडला.

“त्यात कोटाची बटणं आहेत,” मावशी म्हणाल्या. “चाखून बघ हवं तर. पितळी आहेत, जरा कडक लागतील.”

“मावशी, हे दिवसभरात खातात काय?”

“आठवण राहिली तर डबा. चारला, नाहीतर पाचला. खायला फुरसत लागते बाई, गोड असो की कडू.”

“माझ्यावर पाळत ठेवायची तर बसून ठेव,” बाबा कोटावरून नजर न काढता म्हणाले. “त्या स्टुलावर नको, तो डगमगतो.”

ती बसली. लहानपणी ती इथेच चिंध्यांच्या ढिगावर बसून वाचायची, पण बाबांना काम करताना असं लक्ष देऊन तिने कधी पाहिलंच नव्हतं. कोटाचं अस्तर ते हातानेच शिवायचे, मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी बांधलेली, त्यामुळे घड्याळ उजव्या हातावर. सुई कापडात जाई, बाहेर येई, आणि दोरा ओढत उजवा हात खांद्यापर्यंत वर जाई. परत खाली. परत वर. एका तालात, तास न् तास. बारा वाजेपर्यंत ते एकदाच उठले, तेही खिळ्यावरची टेप घ्यायला.

लेकीने सहज फोन पाहिला. ‘आई आज ४,३०० पावलं चालली.’

ती फोनकडे बघत राहिली. मग त्यांच्या हाताकडे. मग पुन्हा फोनकडे.

“बाबा, मनगट दाखवा.” घड्याळात ४,३१२ होते. “आता वीस टाके घाला.”

“कशाला?”

“घाला तर खरं.”

बाबांनी वीस टाके घातले. ४,३३०.

“वीस टाक्यांना अठराच?” मावशी वाकून बघत म्हणाल्या. “दोन गिळले की मेल्याने.”

“बाबा,” लेक म्हणाली, “तुम्ही तीन महिने चाललाच नाहीत.”

“असं कसं? अकरा हजार झाले की.”

“ते पावलं मोजतं. पायांची.”

बाबांनी घड्याळाकडे असं पाहिलं, जसं काही त्याने गिऱ्हाइकाचं कापड चोरलं होतं. “मला वाटलं, मेहनत मोजतं,” ते म्हणाले. “संध्याकाळी हात भरून यायचे तेव्हा आकडा मोठा असायचा. ज्या दिवशी काम कमी, त्या दिवशी आकडा लहान. मी म्हटलं, बरोबर मोजतंय.”

“आणि डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं होतं ते?”

“येतो की चालत. घरून दुकानात.”

“चौदा पायऱ्या,” मावशी म्हणाल्या. “त्याही उतरत्या.”

“मावशी, तुम्हाला तरी कळायला हवं होतं.”

“मला वाटलं ते वेळ दाखवतं.”

लेकीला हसू यायला लागलं, पण तेवढ्यात बाबांनी गळ्यातली टेप काढली. नीट गुंडाळली आणि खिळ्याला न अडकवता ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर बंद केला. भरदुपारी त्यांचा गळा टेपविना तिने आजवर पाहिला नव्हता.

“शब्द दिला होता,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तारीख सांगावी तसं सांगत होते. “साखर उतरली नाही. बँडवाल्यांचे कोट एवढे देतो, मग पाटी उतरवू. बाईंना कुठे काम मिळतं का ते मात्र बघायला लागेल.”

मावशींची सुई थांबली, आणि जीभसुद्धा.

लेक जिंकली होती. आठ महिने तिला हेच तर हवं होतं : बाबा डोळ्यांसमोर, आपल्या घरात. तिने ते चित्र मनाशी उभं करून पाहिलं. चौथा मजला, खिडकीजवळची खुर्ची, गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. आणि दुपारी चारला येणारा निरोप : शून्य.

आईच्या बाबतीत तिने हेच केलं होतं. रोज चारला आकडा पाहायचा, बरा असला की निर्धास्त व्हायचं. आई जिना कशी चढते ते बघायला ती आली नव्हती. त्या नऊ आठवड्यांत एकदासुद्धा.

ती उठली आणि ड्रॉवर उघडून टेप बाहेर काढली.

“बाबा, माझ्या ऑफिसात एक नियम आहे. जी बस डेपोतून सुटलीच नाही, ती उशिरा पोचली असं आम्ही लिहीत नाही. तुमचे तीन महिने सुरूच झालेले नाहीत.”

“ही पळवाट आहे.”

“तारीख ठरली तेव्हा मापच चुकीचं घेतलं होतं. चुकीच्या मापाचा कोट तुम्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारता का?”

हा वार वर्मी लागला होता. बाबांनी टेपसाठी हात पुढे केला.

“मग दुकान चालू की बंद?” मावशींनी विचारलं. “काज कापून बसले तर पुन्हा जोडता येत नाही, म्हणून विचारते.”

“कापा,” बाबा म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या घोट्याचं माप घेतलं, इलॅस्टिक कापलं, त्याला कोटाचं अस्तर लावलं आणि घड्याळासाठी पट्टा शिवला. मावशींनी काज केलं, वर पितळी बटण. असा देखणा घोटा त्या रस्त्यावर दुसरा नसेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा पाहिला : ६४०.

“एवढंच?” बाबा दुखावले. “बिघडलंय ते.”

मग लेकीने आपलं काम काढलं. तिने बाबांचं वेळापत्रक केलं आणि कपडे घालून बघायच्या आरशावर चिकटवलं. दीड वाजता जेवण, दोघांनी, बसून. इस्त्रीचं टेबल हाताजवळून उचलून मागच्या खोलीत, म्हणजे दर वेळी उठावं लागेल. आणि अडीचला निघायचं, कोटाची ट्रायल गिऱ्हाइकाच्या घरी. बँडवाले गावभर विखुरलेले होते ही देवाचीच कृपा. बासरीवाला दोन थांब्यांवर, म्हणजे आठशे मीटर. ट्रम्पेटवाला तीन थांब्यांपलीकडे. ढोलवाला सगळ्यांत लांब, चढावर.

“मावशी, तुम्हीही जायचं.”

“मला साखर नाही.”

“गुडघे आहेत ना?”

“आहेत, म्हणूनच तर नको म्हणते.”

पण पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, दुसऱ्या दिवशी पहिल्या थांब्यापर्यंत, आणि आठवड्याने बासरीवाल्याच्या घरी चहा पिऊन आल्या. बिनसाखरेचा. दुकानातही आता तसाच होत होता. बाबा पहिला घोट घेताना रोज कपाळाला आठ्या घालायचे. “हे पोटात घ्यायचं की कपड्याचे डाग काढायला वापरायचं?” ते विचारायचे आणि कप रिकामा करायचे.

सगळं काही सुरळीत झालं नाही. नव्या बुटांनी टाच सोलली, दोन दिवस सुट्टी. एका सोमवारी जेवण पुन्हा पाचला झालं आणि मावशींनी त्याची खबर दिली नाही, कारण त्यांचंही तेव्हाच झालं होतं. नवव्या दिवशी बाबा ट्रम्पेटवाल्याकडे चक्क बसने गेले. दुसऱ्या सकाळी सात नंबरच्या ड्रायव्हरने ऑफिसात येऊन चुगली केली.

“तुझी माणसं रस्तोरस्ती पेरली आहेस,” बाबा फोनवर गुरगुरले.

“एकशे चाळीस पेरली आहेत. सगळ्यांना तुमचा फोटो दाखवलाय.”

पण निरोप बदलत गेले. अकराशे. एकोणीसशे. एकदा सत्तावीसशे, पुढे तीन हजार. आकडे छोटे होते, पण खरे होते. लेक आता नुसता निरोप वाचत नव्हती. दर गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट दुकानात यायची, कोट खांद्यावर टाकून बाबांबरोबर चालायची. चालताना बाबा येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे बघायचे. “हा डावीकडे झुकतो, पिशवी त्याच हातात धरतो वाटतं.” आईबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा दुकानाच्या दाराशी पोचल्यावर एवढंच म्हणाले, “ती चौथ्या पायरीवर थांबायची. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबते.” दोघं वर गेली. चौथ्या पायरीवर कुणीही थांबलं नाही.

पुन्हा तीन महिने झाले. डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला, खाली घेतला.

“७.२. आता खरंच चाललात काका.”

“आधी हाताने चाललो होतो,” बाबा म्हणाले आणि सगळी कथा सांगत बसले. बाहेर पेशंट खोळंबले, आत डॉक्टरबाई डोळे पुसत हसत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “अजून थोडी उतरू दे. गोळी आहे तेवढीच राहील. थांबायचं मात्र नाही.”

दाराशी बाबांनी ढोलवाल्याचा कोट बगलेत धरून लेकीपुढे हात केला. “दुकानाचा विषय?”

“नाही काढत.”

“कधीच?”

“कधीच.”

रस्त्यावर आल्यावर लेकीने फोन काढला. बराच वेळ नुसता हातात धरला. “बाबा, यात अजून आईचंच नाव आहे. बदलू का?”

“मला ठाऊक आहे. दुकानात तुझा फोन वाजला, तेव्हा मावशींनी कधीच वाचून दाखवलंय.” बाबा पुढे बघत म्हणाले, “किती झाली आज?”

“तीन हजार आठशे.”

“तिची जास्तीत जास्त किती झाली होती?”

लेकीला आकडा पाठ होता. “तीन हजार नऊशे सत्तर.”

“मग चल,” बाबा म्हणाले. “ढोलवाल्याचा खांदा बघायचा राहिलाय. चढावर राहतो.”

ती दोघं चालायला लागली. चढाच्या पायथ्याशी फोन वाजला. चार वाजले होते. बाबांनी फोन घेऊन चष्म्याशिवाय लांब धरला आणि मोठ्याने वाचलं : “आई आज चार हजार सोळा पावलं चालली.”

“बघ,” ते म्हणाले, “मनावर घेतलं की जमतं तिला.”

फोन लेकीच्या हातात देऊन त्यांनी बगलेतला कोट सारखा केला आणि चढ चढायला सुरुवात केली. लेकीने फोन पिशवीत टाकला. नाव तसंच राहिलं. वरून ढोलवाला खिडकीतून हात हलवत होता, आणि त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता, हे बाबांनी तिथूनच ओळखलं.