कॅपिटल डीचं भांडण

चार दिवस! चार दिवस तो माणूस एका 'डी'साठी अडून बसला होता.

ती हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर. पेशंटचा ऑक्सिजन उतरला की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची, तो प्रोग्राम तिनं नव्यानं लिहिला होता. पण तिथला नियम असा, की दुसऱ्यानं तपासल्याशिवाय एक ओळही पुढे जायची नाही. आणि तपासणार कोण, तर हेडमास्तर! हे नाव तिनंच ठेवलेलं, त्या सीनियरच्या माघारी.

"पेशंटआयडी लिहिताना आय कॅपिटल, डी स्मॉल," त्यानं स्क्रीनवर त्या ओळीखाली शेरा मारला.

"आयडीची दोन्ही अक्षरं कॅपिटलच असतात. सगळं जग तसंच लिहितं."

"जग लिहू दे. इथे नाही चालणार."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग काय, जुंपली! त्यानं कुठकुठल्या नियमावल्या उकरून काढल्या, तिनं त्याच्याच जुन्या ओळी शोधून त्याच्या तोंडावर मारल्या. जेवताना तेच, घरी तेच. "अगं, घालून टाक ना लहान डी," नवरा म्हणाला, तर ती त्याच्यावरच उखडली. पाचव्या दिवशी हेडमास्तरनं हात टेकले. "घाल बाई तुझा कॅपिटल," म्हणत त्यानं मंजुरी दिली. ती दिवसभर मिरवत होती.

दोन दिवसांनी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, सात नंबरचे आजोबा निळे पडले होते. घंटा वाजलीच नाही! मी चादर बदलायला गेले म्हणून ते वाचले. तुमच्याकडे कोणी तपासतं की नाही?"

तिनं घाईघाईनं प्रोग्राम उघडला. ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला की घंटा वाजायला हवी होती. चाचणी करताना सारखी कटकट नको म्हणून तिनंच तो आकडा पन्नासवर आणला होता, आणि परत बदलायचा राहून गेला होता. पन्नास! त्याच ओळीत, पेशंटआयडीला खेटून.

ती तरातरा हेडमास्तरच्या टेबलाशी गेली. "तपासायला बसवलं होतं ना तुम्हाला? डोळे कुठे होते तुमचे?"

तो पांढराफटक पडला. त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवला. त्या ओळीखाली सगळं भांडण जसंच्या तसं होतं. त्याचे शेरे एकोणीस, तिचे बावीस.

बावीस वेळा ती त्या ओळीवर आली होती, आणि बावीसही वेळा तिनं फक्त डी पाहिला होता.