गोदाबाईंच्या छतावरची मुकी घंटी

मी मुकी घंटी बोलतेय. हसू नका. सात महिने स्वतःचं असं अक्षरही न बोलता काढले की जे साचतं, ते कुठंतरी सांगावंच लागतं.

खोक्यावर माझं नाव अलार्म. घंटी म्हणतात त्या गोदाबाई. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर, न्हाणीघराच्या दाराबाहेर, छताला पालथ्या बशीसारखी मी चिकटलेय. स्वयंपाकघराबाहेर माझी ताई. तिला धूर कळतो. मला कळतो तो गॅस अर्धवट जळला की सुटणारा विषारी वायू. त्याला ना रंग ना वास. झोप आली म्हणून माणूस आडवा होतो, तो उठतच नाही.

घरात माणसं दोनच. ब्याऐंशी वर्षांच्या गोदाबाई आणि त्यांचा निवृत्त मुलगा दत्तप्रसाद. दत्तप्रसादांची लेक शेफाली जर्मनीत असते, तिनं आम्हाला धाडलं. बसवायला शनिवार पेठेतला दशरथ वायरमन आला. मेन बंद करून त्यानं पट्टीतून तारा ओढल्या, दोन विजेच्या आणि एक आम्हा बहिणींना जोडणारी. म्हणजे एक ओरडली की दुसरीनं ओरडायचंच. पोटात बॅटरीही आहे, लाईट गेली तरी सुटका नाही. गोदाबाईंनी खालून सांगून दशरथकडून आम्हाला हळदकुंकू लावून घेतलं. चिमूटभर कुंकू माझ्या फटीत गेलं, ते अजून आहे.

दुसऱ्याच दिवशी आमटीला मिरचीची फोडणी पडली आणि ताई किंचाळली. तिच्यामागे मीही, काही कारण नसताना. गोदाबाई वर बघून म्हणाल्या, "साठ वर्षं फोडणी देतेय. नवऱ्यानंसुद्धा कधी आवाज चढवला नाही."

पुढं सवय झाली हो. घंटी झाली की दत्तप्रसाद पेपर मिटून पानं मांडायचे. वरच्या मजल्यावरच्या इंदुबाई भात उतरवायच्या. अख्ख्या जिन्याची घड्याळं आमच्यावर लागली.

पण पाहुण्यांसमोर वडे तळताना ताईनं असा गोंधळ घातला की दत्तप्रसादांनी दशरथला फोन केला, रविवारी येऊन दोन्ही काढून टाक म्हणून. मला फार लागलं. ताई निदान ओरडून बदनाम झाली. मी काय केलं होतं?

तो रविवार कडक थंडीचा. गोदाबाईंनी न्हाणीघराची खिडकी लावली, झरोक्यात जुनं लुगडं कोंबलं, गॅसचा गिझर पेटवला आणि केस धुवायला बसल्या. बादलीवर बादली भरत राहिली. थोड्या वेळानं दाराखालच्या फटीतून तो आला. मी ओळखला. घसा फाटेस्तोवर ओरडले; तारेवरून ताईही.

आणि दत्तप्रसादांनी काय करावं? पेपर मिटला, ताट घेतलं, मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली आणि मांडी घालून बसले.

मी ओरडतेय, ते आमटीची वाट बघताहेत.

"आई, आटप लवकर, दशरथ येईल."

वाकून बघतात तर ओटा कोरडा, शेगडी गार. फोडणी नाही, फोडणी देणारी बाईही नाही. तेव्हा कुठं ते धावले. दार बडवलं. आतून कशीबशी कडी निघाली. गोदाबाई भिंतीला धरून उभ्या, जीभ जड झालेली. म्हणाल्या, "दत्ता, माझी शिकेकाई धुवायची राहिलीय."

त्यांनी आईला चादरीत गुंडाळून गॅलरीत नेलं, गिझर बंद केला, खिडक्या उघडल्या. तेवढ्यात दशरथ आला, त्यानं हत्यारं टाकून रिक्षा बोलावली. दवाखान्यात प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी गोदाबाई घरी आल्या त्या केसांत शिकेकाई घेऊनच.

दशरथ पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभा. भीत भीत विचारलं, "आजी, काढू का?"

"काढायलाच आलायस ना? मग तो गिझर काढ."

काढला. आता पाणी विजेवर तापतं. ताई फोडणीला अजून ओरडते आणि शिव्या खाते. माझं बटण दत्तप्रसाद दर महिन्याला झाडूच्या दांड्यानं दाबून बघतात. जरा हळू दाबावं, एवढंच म्हणणं आहे.

आणि तुम्हाला एक सांगते. तुमच्या घरी आमच्यापैकी कोणी ओरडलं, तर आधी माणसं मोजा. ताटं नंतर.