तू हो म्हणशील म्हणून

बाबा गेल्यावर मी आईच्या फोनवर एआयचं ॲप टाकून दिलं. पंखा का कुरकुरतो, विजेचं बिल एवढं कसं आलं, गोळी जेवणाआधी की नंतर, हे सगळं ती बाबांना विचारायची. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिचं अडू नये, एवढाच हेतू.

शनिवारी गेले तर ती शिलाई मशीनपाशी बसून फोनशी बोलत होती. "अहो, जाड कापडाला कितव्या नंबरची सुई लावू?"

मी दारातच थांबले. या घरात ती हाक एकाच माणसासाठी होती.

"त्याला अहो का म्हणतेस?"

"मग काय अरे म्हणू? ओळख ना पाळख!"

मी चहा टाकायला आत गेले. पाणी उकळत असताना तिचा आवाज पुन्हा आला, या वेळी हळू. "अहो, मुलीकडे राहायला जाऊ का? की इथंच एकटी राहू?"

मी गॅस बंद करून बाहेर आले. फोन शांतपणे फायदे-तोटे सांगत होता. जिने, दवाखाना, सोबत.

"सुईचं ठीक आहे, आई. पण हेही त्यालाच? मला नाही?"

"तुला विचारलं तर तू हो म्हणशील. लगेच, माझं तोंड बघून. तसलं हो नको होतं मला." तिनं कापड सुईखालून काढलं. "आणि तो तरी काय म्हणाला? मुलीशी बोलून घ्या. एवढी अक्कल मलाही होती."

"मग बोलली का नाहीस?"

"धीर होत नव्हता गं."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हो जिभेवर आलंच होतं, ते गिळलं. "मला भीती वाटते," मी म्हणाले. "तू माझी सगळी भांडी हलवशील, मी चिडेन. आणि आता आपल्या दोघींच्या मध्ये पडणार कोण?"

"हं! आता कसं बोललीस!" तिचे खांदे सैल झाले. "भांडू की. याच्याशी धड भांडताही येत नाही. जरा बोललं की माफी मागतो मेला."

मी हसले. बाबा या वेळी काय म्हणाले असते, ते बहुधा दोघींनाही ऐकू येत होतं.

इथलं घर तसंच ठेवून महिनाभर राहून बघायचं ठरलं. मशीन सोबत येणार, हे तिनं विचारलं नाही, सांगितलं. तेही खिडकीपाशी.

"तिथं माझं पुस्तकांचं कपाट आहे."

"पुस्तकांना उजेड कशाला? मिटूनच तर असतात!"

"मी वाचते ती!"

"मग कपाटात शिरून वाचतेस का?"

आवाज चढले. शेजारच्या काकू डोकावल्या. "काय गं, काय झालं?"

"काही नाही हो," आई म्हणाली. "हिच्याकडे राहायला चाललेय."