मनगटावर दोन बोटं

पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू भोकात ढकलायची काठी, साहेबाच्या हातात देताना कोंडीरामनं साहेबाच्या डाव्या मनगटावर दोन बोटं हळूच दाबली. भोकाच्या दोन बोटं डावीकडे मारायचं, असा त्याचा अर्थ. व्हिटलॉकसाहेबानं तसं मारलं आणि चेंडू निमूट भोकात पडला. हिरवळीच्या कडेला टाळ्या वाजल्या, अर्थात साहेबासाठी.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. साहेबाला मोतीबिंदू झाला होता आणि अख्ख्या क्लबात ते फक्त कोंडीरामला ठाऊक होतं. साहेब तरुणपणी विलायतेत पोटासाठी गोल्फ खेळायचा. एकदा मोठा कप एका फटक्यानं हुकला, पुढं तिथं कुणी विचारलं नाही, म्हणून दोन वर्षांच्या करारावर मुंबईत खेळ शिकवायला आला आणि एकवीस वर्षं राहिला. त्या एका फटक्याची गोष्ट त्यानं इतकी रंगवली होती की कप त्याच्याच घरी असेल असं वाटावं. आता तो कायमचा परत निघाला होता. आजची मॅच निरोपाची.

कोंडीराम काळाचौकीचा, वय चव्वेचाळीस, साहेबाच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. सोमवारी पिशवीवाल्यांना मैदान मोकळं असे, तेव्हा तो साहेबापेक्षा कमी फटक्यांत फेरी संपवी. त्याला साहेबाची शिकवण्याची जागा हवी होती आणि साहेबानं शब्द दिला होता, "मैं बोलेगा, कोंडी." चार दिवसांनी महाराष्ट्र राज्य होणार म्हणून चाळीत तोरणं लागली होती. सकाळी बायको मीराबाई म्हणाली होती, "आता राज्य आपला येता. तुमका कोण नाय म्हणतलो?" कोंडीरामलाही ते खरं वाटलं, हाच त्याचा मूर्खपणा.

शेवटच्या भोकाकडे जाताना सेक्रेटरी कारखानीस साहेबाच्या बरोबरीनं चालू लागले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या जागेसाठी या कोंडीरामनं अर्ज केलाय. तुमचं काय मत?"

एकवीस वर्षांत कोंडीरामला एवढं इंग्रजी समजू लागलं होतं. साहेबाचं उत्तरही समजलं. "पोऱ्या चांगला आहे. पिशवी नीट सांभाळतो. खेळ कळत नाही त्याला."

खेळ कळतो म्हटलं असतं, तर साहेबाचा खेळ कुणाच्या बोटांवर चालतो हेही निघालं असतं. साहेबानं स्वतःची अब्रू राखली आणि कोंडीरामची जागा घालवली.

कारखानीस मागं वळून मराठीत म्हणाले, "विलायतेहून दुसरे साहेब येतायत, कोंडीराम. त्यांची पिशवी तुलाच देऊ. काळजी करू नकोस."

हिरवळीवर साहेबानं सवयीनं मनगट पुढं केलं. कोंडीरामच्या मनात आलं, चुकीच्या बाजूला दाबावं, होऊ दे शोभा. पण खोटी दिशा सांगायला त्याची बोटं धजेनात. त्यानं पटर दिला, दोन पावलं मागं सरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उजवीकडे तीन बोटं, साहेब. उतार आहे, हळू मारा."

माणसं वळून बघू लागली. साहेबाचे कान लाल झाले. पण दुसरा इलाज नव्हता. त्यानं सांगितलं तसं मारलं. चेंडू वळत वळत भोकात गेला.

कारखानीस कौतुकानं हसले. "बघा, पिशवीवाल्यालासुद्धा केवढं शिकवून ठेवलंय साहेबांनी."

पुन्हा टाळ्या झाल्या. साहेबानं टोपी काढून, झुकून त्या घेतल्या.

कोंडीरामनं खुणेच्या झेंड्याची काठी भोकात सरळ उभी केली आणि पिशवी खांद्याला लावली. मागची मंडळी खेळायला खोळंबली होती.