तिसरी निवड

हॅलर्टनमध्ये जानेवारीत दोनच विषय असतात, थंडी आणि हॅरिअर्स, म्हणजे गावचा पोरांचा आइस हॉकी संघ. त्या वर्षी थंडीला कुणी विचारत नव्हतं. पारा उणे एकतीसवर जाऊन बसला होता आणि माणसं मात्र तापलेली होती, कारण संघाचा मॅनेजर ग्रँट ओस्टबी याने कर्णधारालाच विकलं होतं.

'विकलं' हा गावाचा शब्द. खरं तर अदलाबदल झाली होती. एकोणीस वर्षांचा बचावपटू कोल्टर पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्ट अँसेलला गेला, कारण त्या संघाला यंदाच चषक हवा होता. हॅरिअर्स सलग दुसऱ्या वर्षी तळाला. त्यांना बदल्यात सोळा वर्षांचा एक गोलकीपर आणि पुढच्या वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या. निवड म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांमधून इतरांच्या आधी एक उचलायचा हक्क. ती पोरं आज कुठल्यातरी गावात सहावी-सातवीत गणितं चुकवत असणार, आणि त्यांची किंमत काय यावरून इकडे दहा दिवस सख्खे शेजारी एकमेकांशी बोलत नव्हते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

या दहा दिवसांत मार्लीन सावचुक एक शब्द बोलली नव्हती. त्रेसष्ट वर्षांची ही बाई शाळेची बस चालवायची. लांबून आलेले खेळाडू इथे गावकऱ्यांच्या घरी राहतात, तसा कोल्टर तीन हिवाळे तिच्या घरी राहिला होता. तिचा नवरा ओरेस्ट ऑक्टोबरात गेला आणि जानेवारीत कोल्टर गेला. ती गप्प आहे म्हणजे दुःखात आहे, असं गावाने ठरवून टाकलं. बायका झाकलेली भांडी घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. कोबीचे गुंडाळे आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिरोगी यांनी तिचा फ्रीझर भरून वाहू लागला. घरात दुसरं मयत झाल्यासारखंच वागत होते सगळे.

मार्लीनला दुःख होतंच, पण ती गप्प होती ते दुसऱ्याच कारणाने. गाव ज्या गोष्टीसाठी ग्रँटला फाडून खायला निघालं होतं, ती ग्रँटच्या हातून झालीच नव्हती. ती मार्लीनच्या घरात झाली होती. हे ग्रँटला ठाऊक होतं, कोल्टरला ठाऊक होतं आणि तिला. मार्लीनचं नाव कुठेही काढायचं नाही, असं जाताना कोल्टरने ग्रँटकडून कबूल करून घेतलं होतं, आणि तो बापडा शब्द पाळत होता.

हॅरिअर्सचा कुणी एक मालक नाही. गावच मालक. ज्याचा एक भाग त्याचं एक मत. दोनशे जणांनी सह्या केल्या आणि रविवारी दुपारी कर्लिंग क्लबच्या माडीवर खास सभा बसली. ठराव एकच होता, ग्रँट ओस्टबीला काढा.

सभेत सर्वांत मोठा आवाज व्हर्न टीसेनचा. त्याची सगळी नोकरी धान्याच्या कोठारावर गेली, आणि सगळे हिवाळे मैदानातल्या जी विभागात, नवव्या रांगेत, ओरेस्ट आणि मार्लीनच्या शेजारी. कोटावरून हॅरिअर्सची जुनी हिरवी जर्सी ओढून तो आला होता, त्यामुळे आधीच जाडा माणूस आणखी जाड दिसत होता.

"उभारणी, उभारणी!" तो ओरडला. "दोन वर्षं नुसती उभारणी चाललीय. चर्च बांधताय की काय?"

लोक हसले. पुढच्या रांगेतली एक शिक्षिका म्हणाली, "पण व्हर्न, नवा गोलकीपर बरा आहे रे. काल छत्तीस फटके अडवले त्याने."

"आणि सात सोडले, ते कोण मोजणार? बाई, त्या पोराला अजून मिसरूड फुटायचंय! बरं, गोलकीपर राहू दे बाजूला. मला एवढंच सांग ग्रँट, नाताळानंतर, त्या रविवारी रेडिओवर तीन निवडी म्हणत होते. तीन! आणि बुधवारी मिळाल्या दोन. तिसरी कुठे गेली? पार्किंगमध्ये पडली का?"

ग्रँट टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "भाव बदलत असतो, व्हर्न. आज आहे तो उद्या नसतो."

"भाव मला नको शिकवूस! तीस वर्षं गहू विकलाय मी. गिऱ्हाईक दारात उभं असताना तीन दिवस माल दाबून ठेवतोस आणि भाव पडला म्हणून रडतोस? याला अडाणीपणा म्हणतात आमच्यात. तीन दिवस काय करत होतास?"

ग्रँटने समोरचे कागद सरळ केले. त्याचे कान लाल झाले. अध्यक्षबाईंनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का, नाहीतर मत घेऊ. मार्लीनने अंड्याचं सँडविच खाली ठेवलं. ती आता बोलली तर गाव तिला काय म्हणेल, हे तिला चांगलं कळत होतं. याच लोकांच्या पोरांना ती रोज बसमधून नेत होती, यांच्याच मध्ये तिला उरलेले सगळे हिवाळे बसायचं होतं. पण त्या माणसाचे लाल कान तिला बघवेनात. ती उठली.

"बस गं मार्लीन," व्हर्न एकदम मऊ होऊन म्हणाला. "उगाच त्रास होईल तुला."

"त्रास तुझ्या आवाजाचा होतोय मला. आता तू बस." ती सभेकडे वळली. "तिसरी निवड कुठे गेली ते मी सांगते. माझ्या स्वयंपाकघरात गेली."

कॉफीच्या भांड्याजवळचे लोक पुढे सरकले.

"ग्रँटने रविवारीच कोल्टरला विचारलं होतं. त्याच्या सहीशिवाय त्याला हलवता येत नाही, तसं करारात आहे. कुणी वाचलाय करार? नाही ना? कोल्टर नाही म्हणाला. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मला वाटलं, पोराचा गावावर जीव आहे. बुधवारी सकाळी तो माझ्या पायऱ्यांवरचं बर्फ काढत होता, तेव्हा म्हणाला, 'मी गेलो तर तुम्ही एकट्या जेवणार.' त्यासाठी! माझ्या जेवणासाठी हा पोरगा चषक सोडायला निघाला होता."

तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि ती आणखी जोरात बोलू लागली.

"मी त्याच्या हातातलं फावडं ओढून घेतलं. म्हटलं, गाढवा, माझ्या जेवणाची सोबत म्हणून नाही ठेवलं मी तुला. आत चल आणि सही कर. पण तोवर पोर्ट अँसेलवाल्यांनी एक निवड देऊन दुसरीकडून एक बचावपटू घेतला होता. दोनच उरल्या."

"म्हणजे तू घालवलंस त्याला?" मागून कुणीतरी म्हणालं. "आपल्या कर्णधाराला?"

"हो. मीच."

"तो थांबत होता ना! मग थांबू द्यायचं!"

"तुमच्यासाठी थांबत होता का तो? माझ्यासाठी थांबत होता, आणि मला नको होतं. संघ नव्याने उभा करा म्हणून गेल्या वर्षी याच हॉलमध्ये हात वर केलेत तुम्ही. मी बघितलेत ते हात. नवं घर सगळ्यांना हवं, जुनी भिंत पाडताना मात्र धूळ नको! माफी मागायला उभी नाहीये मी. परत तशी वेळ आली तर परत फावडं ओढून घेईन. काढायचंच असेल कुणाला, तर मला काढा. बघू, नवव्या रांगेतून मला उठवायला कोण येतंय ते!"

ती खाली बसली. पर्स मांडीवर घेतली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईने आपली खुर्ची जराशी सरकवून घेतली, ते तिने पाहिलं.

मग हात मोजले. अकरा मतांनी ग्रँट वाचला. व्हर्नचा हात ठरावाच्या बाजूने वर होता, सर्वांत उंच.

खाली पार्किंगमध्ये, इंजिन गोठू नये म्हणून खांबावरच्या विजेला जोडलेली गाडीच्या हीटरची वायर मार्लीन सोडवत होती. व्हर्न मागून आला, वायर तिच्या हातातून घेऊन गुंडाळू लागला.

"मी ग्रँटच्या विरोधातच मत दिलं," तो म्हणाला.

"दिसलं मला. आंधळी नाहीये मी."

"त्याने आम्हाला सांगायला हवं होतं."

"शब्द दिला होता त्याने."

व्हर्नने वायर तिच्या गाडीच्या पुढच्या जाळीत नीट खोचली. त्याच्या मिशीवर बर्फ धरलं होतं. मग त्याच्यातला गहू विकणारा काही गप्प बसेना.

"पहिल्या फेरीची एक अख्खी निवड. तीन दिवसांसाठी." त्याने मान हलवली. "फार महाग पडले गं ते तीन दिवस."

मार्लीनने गाडीचं दार उघडलं.

"तुम्हाला पडले असतील," ती म्हणाली. "मला तर स्वस्तात मिळाले."